टाकी तीन, टाकी पाच: कार्पच्या पिल्लांच्या मरतुकीच्या नोंदी

२ जून

आजपासून लिहायला सुरुवात. सहा फायबरच्या टाक्या, प्रत्येकी २००० लिटर, प्रत्येकीत साधारण २००० कॉमन कार्पची पिल्लं, अडीच सेंटीमीटरच्या आसपासची. वर शेडनेट, ब्लोअर चोवीस तास चालू, पाणी बारीक धारेनं सतत बदलतं. पाण्याचं तापमान सकाळी २५.

काम काय, तर दर आठवड्याला प्रत्येक टाकीतली पाच धडधाकट पिल्लं मायक्रोस्कोपखाली बघायची. हॅचरी काकांची, त्यांना हे काही पटलेलं नाही. "अगं, आजारी पडली की बघ ना, चांगली पिल्लं कशाला घालवतेस?" त्यांचं चूक नाही म्हणा, पण मला निरोगी कल्ला कसा दिसतो तेच माहीत नसेल तर बिघडलेला कसा ओळखणार. शेवटी पाच पिल्लांवर तडजोड झाली, मी दहा मागितली होती.

४ जून

पहिला दिवस स्लाइडचा, आणि पहिले दोन तास मी हवेचे बुडबुडे बघत बसले. गोल, कडेला जाड काळी रेघ, मला वाटलं केवढा मोठा परजीवी सापडला. बुडबुडा हलत नाही, त्याच्या आत काही दिसत नाही आणि कव्हरस्लिप दाबली की आकार बदलतो, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

जी पद्धत बसली ती अशी. पिल्लू लवंग तेलाच्या पाण्यात सोडायचं, हालचाल पूर्ण थांबून वर दहा मिनिटं जाऊ द्यायची. मग डोक्याच्या मागून शेपटीकडे कव्हरस्लिपच्या कडेनं हलकं खरडायचं, जो चिकट थर येतो तो स्लाइडवर, त्यावर टाकीतल्याच पाण्याचा थेंब. नळाचं पाणी अजिबात नाही, क्लोरीन असलं तर जे बघायचंय तेच मरतं. मग शेपटीच्या पराचा तुकडा, आणि शेवटी कल्ला. अडीच सेंटीमीटरच्या पिल्लाचा कल्ला काढणं म्हणजे खसखशीच्या दाण्याला सुईनं सोलणं. झाकण बारीक कात्रीनं उडवायचं, एक कमान चिमट्यानं उचलायची, रक्त जास्त आलं तर एकदा थेंबात हलवून घ्यायची, नाहीतर लाल चिखलाशिवाय काही दिसत नाही.

चांगला कल्ला इतका सुंदर दिसतो की मी काकांना हाक मारली. कंगव्यासारखे दात, आणि प्रत्येक दाताला दोन्ही बाजूंनी अजून बारीक दात, त्यांच्यामधून रक्तपेशी एकामागून एक पळताना दिसतात. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, बघितलं आणि काही न बोलता खाद्य टाकायला गेले.

आजचा हिशोब: ३० पिल्लांपैकी ११ वर ट्रायकोडिना, पण एका पिल्लावर दोन-चार. कल्ल्यांत डॅक्टिलोगायरस (कल्ल्याला आकड्यांनी चिकटणारा बारीक कृमी, फ्लूक) ६ पिल्लांना, एक किंवा दोन. बाकी काही नाही. मरतूक प्रत्येक टाकीत रोज ३ ते ५.

ट्रायकोडिनाचं थोडं लिहून ठेवते कारण पुढे लागेल (लागलंच). बशीसारखा एकपेशीय जीव, कडेला केसांची झालर, मध्ये दातेरी चक्र, आणि सतत गरगरत असतो. एकदा बघितला की परत चुकत नाही. टाकीत घाण वाढली की हा वाढतो. थोडे असणं म्हणजे घरात चार मुंग्या असण्यासारखं.

१० जून

टाकी ३ मध्ये मरतूक १४. काल ९ होती. पिल्लं खायला वर येत नाहीत, काही भिंतीला अंग घासतात, पर मिटून घेतलेत. बाकी पाच टाक्या नेहमीसारख्या.

११ जून

टाकी ३: २६.

जाळीवर अडकलेली मेलेली पिल्लं घेऊन स्लाइड केल्या. सात पिल्लं, एकही परजीवी नाही. मी निकाल देऊन मोकळी झाले की परजीवी नाहीत, दुसरंच काहीतरी आहे. काकांना सांगितलं तर हसले. "घर जळालं की उंदीर थांबतात का गं?" मासा मेला की त्याच्यावरचे बरेच परजीवी तासाभरातच सोडून जातात, आणि या गरमीत कल्ला तर सगळ्यात आधी सडतो, त्यामुळे सकाळी उचललेलं रात्रीचं मेलेलं पिल्लू बघणं म्हणजे फुकट मेहनत. मरायला टेकलेलं पण जिवंत पिल्लू पाहिजे. हे खरं तर मला माहीत होतं, वाचलेलं होतं, तरी केलं, कारण मेलेली हाताशी होती आणि जिवंत पकडायचा कंटाळा.

संध्याकाळी जिवंत पकडली, कडेला एकटी पडलेली पाच. ट्रायकोडिना! दहाच्या ऑब्जेक्टिव्हला एका फील्डमध्ये २० ते ३०, सगळी स्लाइड गरगरतेय. आनंद होऊ नये पण झाला.

१२ जून

टाकी ३: ४१. मीठ टाकलं. लिटरला ३ ग्रॅम म्हणजे २००० लिटरला ६ किलो, तीन वेळा करून, विरघळवून, तासाभराच्या अंतरानं. मीठ वाहून जाऊ नये म्हणून पाण्याची धार बंद केली. (हे वाक्य नंतर लाल पेनानं अधोरेखित केलंय.)

१३ जून

टाकी ३: २९. दिवसभर आभाळ भरलेलं. खरडून बघितलं, ट्रायकोडिना एका फील्डला ३-४.

१४ जून

टाकी ३: २२. आजही ऊन नाही. ट्रायकोडिना पाच पिल्लांत मिळून सहा. मी काकांसमोर जरा मिरवून घेतलं, हे इथे कबूल करून टाकते.

१५ जून

टाकी ३: ६३. ट्रायकोडिना शून्य. शून्य! ज्याला चोर म्हणून धरला तो गावातच नाही आणि चोरी तिप्पट झाली.

रात्री झोप नाही. कार्प आहेत म्हणून डोक्यात लगेच कोई हर्पिस व्हायरस. १९९८ पासून माहीत असलेला रोग, मुख्यतः कॉमन कार्प आणि कोईला (शोभेच्या कार्पला) होतो, साधारण १६ ते २८ अंशात जोर धरतो, कल्ल्यावर पांढरट सडलेले चट्टे आणि डोळे खोल गेलेले. मायक्रोस्कोपमध्ये व्हायरस दिसणार नाही, पीसीआर करावं लागतं, आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीतला रोग असल्यानं सापडला तर कळवावंच लागतं. एकाच टाकीत पाच दिवस बसून राहणं हे त्याच्या स्वभावात बसत नाही, हातजाळी दोन-दोन टाक्यांत एकच वापरतोय आपण. तरी पहाटे दहा टेकलेली पिल्लं वेगळी केली. पाच अल्कोहोलमध्ये पीसीआरसाठी, पाच पोटाला चीर देऊन फॉर्मलिनमध्ये, पिल्लांच्या वजनाच्या दहापट द्राव. पोटाला चीर दिली नाही तर फॉर्मलिन आत पोचायच्या आधी आतडी सडतात. दोन्ही प्रयोगशाळेला पाठवली.

१६ जून

महत्त्वाचा दिवस, सावकाश लिहिते.

सकाळी फक्त कल्ले बघायचे ठरवलं. टाकी १ ची तीन पिल्लं आणि टाकी ३ ची तीन, शेजारी शेजारी. टाकी १: कंगवा. टाकी ३: कंगव्याचे दात सुजून टोकाला गदेसारखे झालेले, बारीक दातांमधली फट भरून गेलीये, काही ठिकाणी दोन दात एकमेकांना चिकटलेले. रक्त पळताना दिसतच नाही, कडेकडेनं थोडं. चिकट स्राव भरपूर. डॅक्टिलोगायरस एका पिल्लाला दोन, एकाला एक, एकाला नाही, म्हणजे ४ जूनला होते तेवढेच. चार डोळ्याचे ठिपके, मागे आकडे, आरामात लोंबकळत होते. क्षणभर हात फॉर्मलिनच्या कॅनकडे गेला होता माझा (परजीवी मारायलाही तेच वापरतात). पण दोन फ्लूकनी कल्ला असा होत नाही, आणि इतक्या सुजलेल्या कल्ल्यावर फॉर्मलिन म्हणजे दमेकऱ्याला धुरात कोंडणं.

कॉलम्नॅरिस (कल्ले सडवणारा जिवाणूंचा रोग) पण बघून घेतला. कल्ल्याचा तुकडा थेंबात ठेवून दहा मिनिटं थांबायचं, मग चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला कडेला लांब बारीक जिवाणू गोळा होऊन गवताच्या गंज्यांसारखे ढीग दिसतात, हलक्या हलक्या डुलतात. नव्हते.

मग वही उघडली आणि एक गोष्ट दिसली जी पाच दिवस समोर होती. मी मेलेली पिल्लं सकाळ-संध्याकाळ वेगळी मोजते. टाकी ३ ची १५ तारखेची ६३: सकाळी ११, संध्याकाळी ५२. १२ तारखेची ४१: सकाळी ८, संध्याकाळी ३३. आणि १३, १४ ला जवळजवळ निम्मी निम्मी. ऑक्सिजन कमी पडून मरतात ती पहाटे मरतात. ही दुपारी मरत होती, आणि आभाळ असलेले दोन दिवस तशी मेली नाहीत.

बाहेर जाऊन वर बघितलं. टाकी ३ वरचं शेडनेट एका बाजूनं फाटून लोंबतंय. आठ तारखेच्या वाऱ्यात गेलं असणार. पाणी हिरवं झालंय, मी रोज बघतेय आणि मला वाटतंय मिठामुळे पिल्लं कडेला गेली म्हणून रंग गडद दिसतो.

सकाळी ७ ला पीएच ७.७. मी नेहमी सकाळीच मोजते आणि "ठीक" असं लिहिते. आज दुपारी ३ ला मोजला. ९.१. मीटर बिघडला असेल म्हणून दुसऱ्या टाकीत घातला, ७.९. परत तीनमध्ये, ९.१. तापमान २८, ऑक्सिजन लिटरला १४ मिलिग्रॅम, त्या तापमानाला पाण्यात मुळात मावतो ८ च्याही थोडा खाली. एकूण अमोनिया किटवर १.५.

काकांना कागदावर मांडून दाखवलं. किट जो अमोनिया सांगतं त्यात दोन रूपं असतात, विषारी ते एकच, आणि त्याचा वाटा पीएच नि तापमान ठरवतं. सकाळी २५ अंश आणि ७.७ ला शंभरात तीनसुद्धा नाही, म्हणजे ०.०४ मिलिग्रॅम, चालून जातं. दुपारी २८ आणि ९.१ ला जवळजवळ निम्मा, ०.७ मिलिग्रॅम. तेच पाणी, तीच पिल्लं, आठ तासांत सतराएक पट विष. हिरवं पाणी उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून पीएच चढतो, आणि ज्या धारेनं हे सगळं वाहून गेलं असतं ती धार मी मीठ टिकावं म्हणून स्वतःच्या हातानं बंद केली.

संध्याकाळी मेलेल्यांपैकी दोन पिल्लांच्या शेपटीच्या परात बारीक हवेचे मणी दिसले, पराच्या काड्यांमध्ये ओळीनं. यावेळी खरंच बुडबुडे, पण स्लाइडवरचे नाहीत, माशाच्या आतले. पाण्यात वायू मावेल त्यापेक्षा जास्त झाला की असं होतं. म्हणजे अमोनिया किती आणि वायू किती हे वेगळं काढता येणार नाही, दोन्हीचा बाप तो फाटका शेडनेट.

मग ट्रायकोडिना? घाण पाणी, कमजोर पिल्लं, तो वाढणारच होता. पाहुणा होता, दरवाजा उघडा दिसला म्हणून आला.

टाकी ३ आज: ७१.

१७ जून

रात्रीच निम्मं पाणी काढलं, तळ सायफन केला, धार पूर्ण सोडली, खाद्य बंद. पीएच खाली आणायला ॲसिड टाकायचं का असं मदतीला येणाऱ्या पोरानं विचारलं, काका त्याच्यावर ओरडलेच. शेडनेट शिवून झालं. दुपारी ३ ला पीएच ८.२. टाकी ३: ३०.

१९ जून

टाकी ३: १२. खाद्य नेहमीच्या चौथाई सुरू केलं, वर येतायत.

२२ जून

टाकी ३: ५. कल्ले अजून जाडच आहेत, पण टोकाकडे बारीक दात वेगळे दिसायला लागलेत. पीएच आता रोज दोनदा, सकाळी ७ आणि दुपारी ३. तक्त्यात नवीन रकाना काढला, आभाळाचा.

कालची एक नोंद राहिली: दुसरीकडून ४० पिल्लं आली, टाकी ५ मध्ये सोडली. क्वारंटाइनच्या टबात मिठाच्या गोणी ठेवल्या होत्या, म्हणून थेट टाकीत.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं, कोई हर्पिस निगेटिव्ह.

२६ जून

टाकी ५: ७. पिल्लं पाणी पडतं तिथे गोळा झालीत, कल्ले भराभर हलतायत. अंगावर काही नाही, खरडलेल्या थरात काही नाही. मी तडक मीटर घेऊन पळाले. पीएच ७.५, दुपारी ७.७, अमोनिया ०.२, ऑक्सिजन ७. शेडनेट शाबूत.

२७ जून

टाकी ५: १९. परत पाणी. नायट्राइट मोजलं, ते जास्त झालं की रक्त तपकिरी पडतं, कल्ला चॉकलेटी दिसतो. नायट्राइट नाही, कल्ला लाल. ब्लोअरची हवा तपासली. पंपाच्या सक्शनला गळती आहे का बघितलं. रात्री दोनला उठून ऑक्सिजन मोजला, ६.४. दीड दिवस मी पाण्याच्या मागे, कारण मागच्या वेळी पाणी निघालं होतं. काका म्हणाले, "ताकानं तोंड पोळलं नाही तुझं, दुधानंच पोळलंय, पण म्हणून आता पाणीही फुंकून पिशील?" त्यांच्या म्हणी अशाच उलट्यापालट्या असतात, पण लागली.

२८ जून

सकाळी कल्ला काढला. पहिल्या पिल्लात काही नाही. दुसऱ्यात, दातांच्या मधोमध, एक मोठा गडद गोळा. बुडबुडा म्हणून सोडून देणार इतक्यात तो फिरला. सावकाश, आळसानं, जागेवरच कूस बदलल्यासारखा. आणि फिरता फिरता आत नालेसारखा वाकडा पांढरट आकार दिसला. घोड्याची नाल. इक.

पूर्ण नाव इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस, सगळे इकच म्हणतात, नाहीतर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. पण ठिपके नव्हतेच. पिल्लांमध्ये कधी कधी कल्ल्यातच आधी भरतो, अंगावर दिसेपर्यंत निम्मा खेळ संपलेला. पाच पिल्लांचे कल्ले: ०, ३, १, ५, २.

बाकीच्या टाक्यांची तातडीनं पाच-पाच पिल्लं. टाकी ४ मध्ये दोन पिल्लांच्या कल्ल्यात एकेक. तिथे मरतूक अजून ४, वागणं नेहमीसारखं, खाद्यावर तुटून पडतात. १, २, ३, ६ साफ. ४ आणि ५ ला एकच हातजाळी, बादली पण तीच.

इकचं चक्र भिंतीवर काढून लावलं, कारण औषध कशासाठी आणि किती दिवस हे त्यावरच आहे. माशाच्या कातडीखाली बसून खातो तो एक टप्पा, तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की सुटून तळाला जातो, स्वतःभोवती कवच करतो, आत फुटत फुटत शेकड्यांनी, कधी हजारापर्यंत पिल्लं होतात, कवचालाही औषध फारसं लागत नाही. मग ती पिल्लं पोहत मासा शोधतात, एक-दोन दिवसांत मिळाला नाही तर मरतात. मारायचं ते या पोहणाऱ्यांना. आपल्या २५-२६ अंशाला अख्खं चक्र चार-पाच दिवसांत फिरतं, थंड पाण्यात दहा अंशाला आठवडे लागतात. म्हणजे एकदा औषध टाकून हात झटकले तर काही उपयोग नाही, तळातून रोज नवीन निघतच राहणार.

काकांनी कपाटातून जुनी हिरव्या पावडरची बाटली काढली, मॅलाकाइट ग्रीन. त्या काळात सगळे हेच वापरायचे, आणि इकवर ते चालायचं हेही खरं. पण खायच्या माशाला त्याला बऱ्याच देशांत बंदी आहे, अंगात उतरलं की महिनोन् महिने सापडतं. थोडी वादावादी झाली. बाटली विल्हेवाटीच्या डब्यात गेली.

ठरलं ते असं. टाकी ५ ला फॉर्मलिन २५ पीपीएम, २००० लिटरला ५० मिली, एक दिवसाआड, दर वेळी आधी निम्मं पाणी बदलून. टाकी ४ मध्ये सुरुवात आहे, तिथे मीठ लिटरला ३ ग्रॅम आणि रोज तळ सायफन, यावेळी धार चालू ठेवून आणि वाहून गेलेलं मीठ रोज मीटरनं मोजून भरून.

फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं म्हणून जादा एअर स्टोन, खाद्य बंद, सकाळच्या थंड वेळेला. आधी टबात २० पिल्लं घेऊन त्याच डोसमध्ये चार तास ठेवून बघितली, सगळी जगली. कॅनच्या तळाला पांढरा गाळ धरलेला दिसला म्हणून तो कॅन बाद, तो गाळ माशांना जास्त विषारी. हातमोजे, मास्क, वाऱ्याच्या पाठीशी उभं राहून. डोळे तरी चुरचुरलेच. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, आम्ही आमचे आधी विचारून घेतले, आणि या पिल्लांना बाजार अजून खूप लांब आहे.

२९ जून

टाकी ५: ६४. आता अंगावर ठिपके, रव्याचे कण चिकटल्यासारखे, शेपटीवर जास्त.

३० जून

टाकी ५: ११२. दुसरा डोस. कल्ल्यात ४ ते ९. मला वाटलं डोस कमी पडतोय, दुप्पट करूया, काकांनी कॅनच उचलून नेला. "आज मरतायत ती परवाची आहेत." बरोबर होतं ते. आज मरणाऱ्या पिल्लात इक औषधाच्या आधीच घुसलेला, त्याला बाहेरून काही करता येत नाही. औषधाचा उपयोग मरतुकीच्या आकड्यात नाही, कल्ल्यातल्या बारीक इकच्या आकड्यात बघायचा. म्हणून आजपासून मोठे आणि बारीक वेगळे मोजायचे. बारकाला नाल नीट दिसत नाही, पण सगळ्या अंगावरचे केस आणि फिरण्याची ती आळशी पद्धत तीच.

आज: मोठे २३, बारीक ११, पाच पिल्लांत मिळून.

१ जुलै

९०. मोठे १७, बारीक ३.

टाकी ४: ६ मेली. कल्ल्यात पाचात मिळून २.

२ जुलै

५१. तिसरा डोस. मोठे ९, बारीक ०.

सगळ्या जाळ्या उन्हात. इकला कोरडेपणा अजिबात सोसत नाही, पूर्ण सुकलेली जाळी सुरक्षित, ओलसर नाही. प्रत्येक टाकीला आपली जाळी, दांड्याला रंगाची पट्टी. चारला पिवळी, पाचला लाल. पोरानं पहिल्याच दिवशी पिवळी पाचात घातली, आणि काकांनी, ज्यांनी या पट्ट्यांना पोरखेळ म्हटलं होतं, त्याला ती जाळी घेऊन उन्हात तासभर उभा केला.

४ जुलै

टाकी ५: २०. चौथा डोस. मोठे २, बारीक ०. दोन पिल्लांच्या शेपटीवर कापसासारखी बुरशी, जिथे ठिपके फुटले तिथे. मागाहून येणारी आहे, तिला वेगळं औषध करत नाही.

६ जुलै

८. कल्ल्यात काही नाही. तरी पाचवा डोस, कारण तळातलं शेवटचं कवच कधी फुटेल ते कुणी सांगावं. पिल्लं खायला आली, तीसेक, मग शंभर.

८ जुलै

टाकी ५: ४. दहा पिल्लं बघितली, सगळी साफ. या टाकीची दोन आठवड्यांतली मरतूक चारशेच्या थोडी वर, म्हणजे दर पाच पिल्लांमागे एक.

टाकी ४, तेवढ्याच दिवसांत: ५८. नेहमीची रोजची ३ ते ५ धरली तर वरची फार तर दहा-पंधरा. तिथे अंगावर ठिपका एकाही पिल्लाच्या आला नाही.

९ जुलै

आठवड्याचं सॅम्पल. काका सकाळीच मायक्रोस्कोपपाशी येऊन बसले होते, चष्मा कपाळावर. टबातल्या मिठाच्या गोणी त्यांनीच काल रात्री हलवल्या, टब ब्रशनं घासून वाळत घातलाय.

मी टाकी १ ची जाळी उचलली तर म्हणाले, "किती घेतेस?"

"पाच."

"दहा घे."